मायक्रॉनवर जगलेलं शहर

(नाशिकची सातपूर औद्योगिक वसाहत, सकाळ. रस्त्यावर दुचाक्यांची रांग.)

पावणेसात वाजलेत. त्र्यंबक रोडवर फर्स्ट शिफ्टची गर्दी. सिडकोतून, श्रमिकनगरातून, अशोकनगरातून माणसं निघालीत, हँडलला डब्याची पिशवी. यातल्या कितीतरी घरांत आजही अहिराणी बोलतात. धुळ्या-जळगावाकडून, मालेगाव-मनमाडकडून लोक कामासाठी आले, सिडकोनं सहा योजना उभारल्या आणि शेतांच्या जागी नवीन नाशिक वसलं.

हे मायको सर्कल. डिझेल इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या या कंपनीनं २००८ मध्ये मायको हे नाव सोडून बॉश केलं. नाशिकच्या तोंडी चौक मायकोचाच राहिला.

(नाशिकचीच अंबड औद्योगिक वसाहत. पत्र्याची शेड, आत लेथ आणि संगणकावर चालणारी सीएनसी मशीन.)

मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास कॅमेऱ्यात येत नाही, पण या शेडमध्ये पाऊल टाकलं की आधी तोच भेटतो. सळई चकमध्ये बसली. टूल टेकलं. लोखंडाची निळसर कुरळी चिप सुटत चाललीय, बघा. ऑपरेटर जॉब, म्हणजे तयार झालेला नट, काढतो, फडक्यानं पुसतो आणि मापाच्या गेजकडे हात नेण्याआधी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवतो. बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची बारीक कोर, राहिली असेल तर नखाला लागते. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. तीस वर्षं एकच काम केल्यावर हातात येतं.

हा नट डिझेल इंजिनात इंधन फवारणारा नोझल जागेवर धरतो. नोझलच्या टोकाला छिद्रं असतात, एकेक जेमतेम एक दशांश मिलिमीटरचं. आतली सुई आणि बाहेरची बॉडी यांच्यात जागा दोन ते चार मायक्रॉनची; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास भरतो. मायकोबरोबर एवढ्या अचूकतेचं काम सातपूरला आलं आणि त्याच्या आजूबाजूला टर्निंगवाले, ग्राइंडिंगवाले, हीट ट्रीटमेंटवाले, प्लेटिंगवाले उभे राहिले. इथले लोक अशा कारखान्याला ‘मदर इंडस्ट्री’ म्हणतात. आई काम देते, शेडी जगतात.

१ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक निकष, लागू झाले. छोटं डिझेल इंजिन महाग पडू लागलं, मारुतीनं तर डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. २०१२-१३ च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याच्या आसपास मोटारी डिझेलच्या होत्या, आज पाचातली एकही जेमतेम. आणि विजेच्या गाडीत नोझल नसतो, इंजेक्टर नसतो, डिझेलचा पंप नसतो. कंत्राटी पोरांना कामातून ब्रेक मिळाला, तो संपलाच नाही.

(टेम्पोत चढवली जाणारी जुनी लेथ. शेजारी उघडं शटर, आत खोकी रचलेली.)

नाशिक बंद पडलेलं नाही, हे ठासून सांगायला हवं. महिंद्राच्या गाड्या इथून निघतात, स्विचगिअर बनतं, टायर बनतात. पण जिथं लेथ होती तिथं आता गोडाऊन आहे. गोडाऊन भाडं देतं, हुन्नर देत नाही.

(ओझर. आकाशात विमान.)

१७ ऑक्टोबर २०२५. नाशिकजवळच्या ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यातून तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान पहिल्यांदा उडालं. हा कारखाना १९६४ चा, मिग-२१ साठी काढलेला. पुढे सुखोईही इथेच बनली. विमानाच्या सुट्या भागांना जी अचूकता लागते ती अंबडच्या शेडीत आहे, आत्ता तुम्ही पाहिलीत. पण तेजसच्या या लाइनची क्षमता वर्षाला आठ विमानांची. हजारांत नग काढणाऱ्या शेडला वीस-पंचवीस नगांची ऑर्डर, वर विमानाच्या कामाचं प्रमाणपत्र मिळवायचा वेगळा खर्च. तेवढ्यावर दोनशे शेडी उभ्या राहत नाहीत. त्यासाठी विजेच्या गाडीची मोटर, कंट्रोलर, गिअरबॉक्स बनवणारी नवी मदर इंडस्ट्री यायला हवी, आणि ती हा हुन्नर जिवंत आहे तोवर यायला हवी. समृद्धी महामार्ग सिन्नरवरून गेलाय. रस्ता झाला. नाशिक-पुणे रेल्वे अजून कागदावर.

(पुन्हा शेड. आयटीआयचा मुलगा आणि वयस्क टर्नर.)

हा मुलगा सातपूरच्या आयटीआयमधून आलाय, तीन महिने झालेत. काकांनी त्याच्यासमोर दोन नट ठेवलेत, दिसायला अगदी सारखे. डोळे मिटायला सांगतात. मुलगा एकावरून नख फिरवतो, मग दुसऱ्यावरून. थांबतो. दुसरा नट बाजूला काढून ठेवतो.

काका तो उचलतात आणि पुन्हा मशीनवर चढवतात.