लिव्हरच्या पेशंटचे हात: कापतात की पडतात?

नमस्कार मंडळी. सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होण्याच्या आजाराच्या, व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "डॉक्टर, बाबांचे हात कापतात, कंपवात असेल का?" म्हणून आज हातांवरच बोलू.

लिव्हर थकलं की आतड्यातला अमोनिया रक्तात साठतो आणि मेंदूला त्रास देतो. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ.

पेशंटला दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगा. तळवे समोरच्या भिंतीकडे, बोटं फाकलेली. आणि आता थांबा. निदान अर्धा मिनिट! नातेवाईक दोन सेकंद बघतात आणि "हात स्थिर आहेत" म्हणून मोकळे होतात. उचलून धरलेल्या हाताच्या स्नायूंचा ताण मधेच क्षणभर सुटतो आणि हात पडतो, पण ते दिसायला वेळ लागतो हो. बसल्या बसल्या डुलकी लागली की मान कशी खाली जाते आणि झटकन वर येते, तसंच मनगटाचं होतं. 1949 मध्ये अ‍ॅडम्स आणि फोली या डॉक्टरांनी हे नोंदवलं.

म्हणूनच मांडीवर निवांत ठेवलेल्या हातात हे पडणं दिसत नाही. कंपवातात उलट, निवांत हातच जास्त कापतो. एका काकूंनी मला सांगितलं होतं, "हात नाही कापत ह्यांचा, पण पेला सुटतो." अगदी अचूक निरीक्षण!

कमेंटमध्ये एका ताईंनी विचारलंय, किडनीच्या पेशंटमध्येही असं होतं का? होतं. म्हणून नुसत्या हातावरून निदान करू नका. पण सिरोसिसच्या माणसाचा हात असा पडायला लागला, तो बरळतोय, दिवसा झोपतोय, रात्री जागतोय, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि जागतोय म्हणून मनाने झोपेची गोळी देऊ नका, त्याने प्रकरण जास्त बिघडतं.

आता लॅक्ट्युलोज, म्हणजे शौचाला साफ करणारं औषध. "जुलाब होतात म्हणून बंद केलं" असं ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचाला व्हावी यासाठीच तर ते दिलंय! अमोनिया त्याच वाटेने बाहेर जातो. फारच पातळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून डोस कमी करा. बंद नको. आणि डाळ, दही, पनीरही बंद नको. प्रोटीन तोडलं की स्नायू झडतात, आणि अमोनिया निकामी करायला स्नायूही हातभार लावत असतात.

काहींचं मात्र हळूहळू बिघडतं: चाल मंदावते, बोलणं जड होतं, तोल जातो. तिथे मेंदूत मँगनीज हा धातू साठलेला असतो, एमआरआयवर ते दिसतं. लॅक्ट्युलोजचा तिथे फारसा उपयोग होत नाही.

आणि पेशंट विशी-पंचविशीचा असेल तर विल्सनचा आजार तपासायलाच हवा. हा आनुवंशिक आजार, यात शरीरात तांबं साठतं, आणि वेळेत कळलं तर औषधं आहेत. तो निघाला, तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या, त्यांना काहीही त्रास नसला तरी.