तांबं गेलं, काच उरली

[दृश्य: भंगाराच्या दुकानाबाहेर एकावर एक रचलेले जुने टीव्ही. मागची झाकणं काढलेली.]

या टीव्हींची पाठ कुणीतरी आधीच उघडली आहे. पिक्चर ट्यूबच्या मानेवर बसणारं योक गायब आहे. योक म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर फिरवणारी. त्याशिवाय पडद्याच्या कडेने डिगॉसिंग कॉइल असते, म्हणजे पडद्यामागचं नको ते चुंबकत्व घालवणारं वेटोळं. नंतरच्या काही सेटमध्ये ती अ‍ॅल्युमिनिअमची निघते, तेव्हा भंगारवाला कंपनीला चार शिव्या हासडतो.

योक काढायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे क्लॅम्पचा स्क्रू सैल करायचा, चिकटवलेल्या रबरी पाचरी सोडवायच्या आणि योक अलगद मागे ओढायचं. दुसरा, मानेवर हातोडीचा एक फटका. दिवसाला ढीगभर सेट फोडायचे असतील तर दुसराच मार्ग चालतो.

त्या फटक्याने काय होतं? ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. मान तुटताच हवा आत घुसते आणि पडद्याच्या आतल्या बाजूची चमकणारी भुकटी, म्हणजे फॉस्फर, सुटी होते. तिच्यात झिंक सल्फाइड आणि यिट्रियमची संयुगं असतात, जुन्या ट्यूबमध्ये कॅडमियमही. ही भुकटी फोडणाऱ्याच्या नाकातोंडात जाते. शिवाय मानेची काच ट्यूबमधल्या सर्वांत जास्त शिसं असलेल्या भागांपैकी एक. तिचे तुकडे पायाखाली.

[दृश्य: ट्यूबचं आडवं छेदचित्र.]

ट्यूबची सगळी काच एकसारखी नसते. पुढचा जाड पडदा बेरियम-स्ट्राँशियमच्या काचेचा, त्यात शिसं नाही किंवा अगदी थोडं. मागचं नरसाळं मात्र शिशाचं. त्यात वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक शिशाचं ऑक्साइड असतं, कारण आतून निघणारे क्ष-किरण अडवायचे असतात. आणि पडदा व नरसाळं जोडणारी फ्रिट नावाची बारीक पट्टी तर बहुतांशी शिशाच्याच ऑक्साइडची.

टीव्ही चालू असेपर्यंत हे शिसं काचेत बंदिस्त असतं. काच फुटून आम्लयुक्त पाण्यात पडली, की ते झिरपू लागतं. कचराभूमीतलं पाणी तसंच असतं. फ्लोरिडा विद्यापीठात ट्यूबवर झालेल्या झिरप-चाचणीत शिशाचं प्रमाण सरासरी लिटरला 18.5 मिलिग्रॅम आलं. धोकादायक कचरा ठरवण्याची अमेरिकी मर्यादा 5 मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात शिसं चालतं ते लिटरला जास्तीत जास्त 0.01 मिलिग्रॅम.

[दृश्य: अधिकृत पुनर्चक्रण केंद्रातलं टेबल. हातमोजे, चष्मा, मास्क.]

नीट काम असं चालतं. आधी वीज काढून टाकायची. सेट बंद असला, तरी 21 इंची ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो. ट्यूबच्या बाहेरून काळा ग्राफाइटचा लेप असतो आणि त्यावर ताणलेली उघडी तार. त्या तारेला वायरने जोडलेला स्क्रूड्रायव्हर अ‍ॅनोडच्या, म्हणजे ट्यूबमध्ये उच्च दाबाची वीज जिथून शिरते त्या टोकाच्या, रबरी टोपीखाली सरकवायचा. चट् आवाज येतो. थोडं थांबून पुन्हा तेच करायचं, कारण काचेत मुरलेला भार परत वर येतो. या झटक्याने सहसा माणूस मरत नाही, पण दचकून हातातली ट्यूब सुटते आणि ती फुटते.

मग मानेच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी काढायची. आत काचेचं बारीक टोक दिसतं. ते पक्कडीने हलकेच मोडलं की शीळ वाजत हवा सावकाश आत जाते. आता ट्यूब आतल्या आत फुटण्याची भीती नाही. योक सोडवायचं, कडेचा पोलादी पट्टा कापायचा.

पडदा आणि नरसाळं वेगळं करताना खरी कसोटी लागते. जोडाभोवती नायक्रोमची तार गुंडाळून तापवतात, मग गार हवा सोडतात आणि काच त्या रेषेवर तडकते. तार फ्रिटच्या पडद्याकडच्या बाजूला हवी. जराशी मागे सरकली, तर शिशाची कड पडद्याला चिकटून राहते आणि स्वच्छ काचेची अख्खी रास नासते. पडदा सुटला की आतली लोखंडी जाळी उचलायची आणि फॉस्फर गाळणी लावलेल्या यंत्राने ओढून घ्यायचा. कोरड्या ब्रशने झाडायचा नाही.

आता ही काच न्यायची कुठे? एकेकाळी उत्तर सोपं होतं. जुन्या काचेची नवी ट्यूब व्हायची. गुजरातमध्ये भरूचजवळ व्हिडिओकॉनच्या काच-कारखान्यात थेट अमेरिकेतून जुनी काच येत असे. ट्यूबचे टीव्ही बनणं थांबलं आणि तो रस्ता बंद झाला. शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या नरसाळ्याची थोडी काच घेतात, सिलिका म्हणून. उरलेली धोकादायक कचऱ्याच्या सुरक्षित भराव क्षेत्रात जाते. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला अशी केंद्रं आहेत. तिथे टाकायचे पैसे मोजावे लागतात, आणि ते वाचवण्यासाठीच काच रात्रीतून नाल्यात पोचते.

नियमांनी इथे मदत करायला हवी होती. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकाने पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रं विकत घ्यायची असतात. पण ती बेतलेली आहेत सोनं, तांबं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनिअमवर. बाकीच्याची योग्य विल्हेवाट लावणं केंद्रावर बंधनकारक आहे, पण त्यातून मिळकत काही नाही. म्हणजे ज्या तांब्याला भंगारवाला असाही धावतो, त्यालाच सरकारी बळही मिळालं.

[दृश्य: उघडलेला एलसीडी टीव्ही. पांढऱ्या, सळईएवढ्या बारीक नळ्या.]

आता भंगारात सपाट टीव्हीही येतात. आधीच्या एलसीडींत पडद्यामागे उजेडासाठी या नळ्या असतात आणि प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा. तीन-चार मिलिमीटर व्यासाची काचेची नळी, पडदा पिळला तरी तुटते. त्यामुळे असा सेट आडवा टाकून त्यावर दुसरा ठेवू नका.

एलईडी सेटमध्ये पारा नाही. ते फेकले जातात बऱ्याचदा किरकोळ कारणाने. आवाज येतो, चित्र नाही? अंधार करा, पडद्यावर तिरका टॉर्च मारा. चित्र अंधुक दिसलं, तर पॅनल शाबूत आहे, मागची दिव्यांची पट्टी किंवा तिचा पुरवठा गेला आहे. पट्टीतले दिवे एकामागून एक जोडलेले असतात, एक गेला की ओळच विझते. दुरुस्ती करणाऱ्याला सगळ्या पट्ट्या एकदम बदलायला सांगा, कारण उरलेल्यांचंही वय तेवढंच असतं. आणि सेट घरी आला की मेनूमधला बॅकलाइट कमी ठेवा. दुकानातून येताना तो बहुतेक वेळा पूर्ण चढवलेला असतो, आणि त्याच उष्णतेने पट्ट्या जळतात.

ट्यूबचा टीव्ही घरात असेल, तर न उघडता, अख्खा द्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांची यादी आहे. एक्सचेंजमध्ये देत असाल, तर जुना सेट कोणत्या केंद्राला जातो ते दुकानदाराला विचारा आणि पावती मागा. मान तुटली असेल, तर तुकडे झाडू नका. ओल्या कागदाने टिपा, जाड पिशवीत भरा आणि पिशवी टीव्हीसोबतच द्या.