मुंबई बंदराबद्दल कुणाचं मत कागदावर राहिलं?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आयोजकांनी मला विषय दिला होता, ‘पाहुण्यांच्या नजरेतून मुंबई’. मी त्यांना विनंती केली की त्यात इथल्या माणसांची नजरही घेऊ द्या. ती विनंती त्यांनी लगेच मान्य केली. अडचण मला तयारीला बसल्यावर आली. पाहुण्यांनी मुंबईबद्दल काय म्हटलं, हे शोधायला कष्ट पडत नाहीत. साडेतीनशे वर्षांची पत्रं, रोजनिशा, प्रवासवर्णनं छापून तयार आहेत. इथल्या कोळ्याला, भंडाऱ्याला, गोदीतल्या हमालाला आपलं बंदर कसं वाटत होतं, हे शोधायला गेलं की कागदच संपतात.

म्हणून आज मी दोघांच्या मतांची नुसती तुलना करणार नाही. बंदराच्या शहरात पाहुण्याचं मत लिहिलं जातं, लिहिलेलं मत सत्तेपर्यंत पोचतं आणि त्यावरून नियम होतात. इथल्या माणसाचं मत धक्क्यावर बोललं जातं आणि धक्क्यावरच राहतं. मुंबईत हे वारंवार घडलं आहे. अजूनही घडतं आहे, म्हणून मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो.

सुरुवात जुन्या काळापासून करू. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी ही बेटं इंग्लंडच्या राजाला दिली आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवली. १६८९ च्या सुमारास जॉन ओव्हिंग्टन नावाचा पाद्री इथे आला. इथल्या इंग्रजांमध्ये रूढ असलेली एक म्हण त्याने नोंदवून ठेवली आहे: मुंबईत दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य. जहाजातून उतरलेले तरुण खरोखरच पटापट मरत होते, त्यामुळे त्याच्या लिहिण्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

पण त्याच बेटांवर, त्याच पावसात माझगाव, वरळी, माहीम इथले कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांच्यासाठी पावसाळा म्हणजे होड्या ओढून वर घ्यायच्या, जाळी दुरुस्त करायची, सुकवलेल्या मासळीवर दिवस काढायचे आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा दर्यात उतरायचं. एकाचा मरणाचा ऋतू, दुसऱ्याचा विसाव्याचा. दोन्ही खरं होतं.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. माडांच्या वाड्यांमध्ये झाडांना बारीक मासळीचं खत घालायची इथली जुनी रीत होती. इंग्रजांना त्या कुजक्या वासाचा त्रास व्हायचा, आणि वाईट हवेतून रोग होतो असा त्या काळच्या वैद्यकाचा समज होता. तेव्हा रोगाचं खापर त्या खतावर फुटलं आणि कंपनीने ते घालण्यावर बंदी आणली. माडांवर जगणाऱ्या भंडाऱ्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. हिवतापाचा संबंध डासांशी आहे हे रोनाल्ड रॉस यांनी दाखवलं १८९७ साली. खरं संकट खाडीच्या तोंडातून भरतीला आत येऊन साचणाऱ्या पाण्याचं होतं. पाहुण्याच्या नाकाला जे खटकलं त्याचा कायदा झाला, आणि ते कितपत बरोबर होतं हे कळायला जवळजवळ दोन शतकं गेली.

आता एकदम १८९६ मध्ये येऊ. त्या वर्षी जानेवारीत मार्क ट्वेन मुंबईत आला. इथले रंग, कपडे, गर्दी पाहून तो हरखून गेला. इथल्या कावळ्यांवर तर त्याने असं काही लिहिलं आहे की आपण कावळ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहावं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवीत, गोदीला लागून असलेल्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. हिवाळा संपेपर्यंत लाखो माणसं शहर सोडून गावी गेली होती. आठ महिन्यांच्या अंतराने एकच शहर एकाला स्वप्नासारखं वाटलं आणि दुसऱ्याला तिथून जीव घेऊन पळावं लागलं.

प्लेगचा इतिहास आपण बहुतेक वेळा पुण्याच्या बाजूने वाचतो, तिथला प्लेग अधिकारी रँड याच्यापासून. मुंबईच्या बाजूने वाचला की त्यातलं बंदर दिसायला लागतं. १८९७ मध्ये व्हेनिसला एक आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. मुंबईहून येणाऱ्या जहाजांचं आणि मालाचं काय करायचं, ही युरोपला तेव्हा मोठी चिंता होती. मुंबईचा माल युरोपने नाकारला तर व्यापार बसेल, ही धास्ती इथल्या सरकारला होती. घरात घुसून झडत्या, सामान जाळणं, बायकापोरांना वेगळं काढून छावणीत नेणं, हे सगळं ज्या घाईने आणि कठोरपणे झालं त्यामागे या धास्तीचा हात मोठा होता. म्हणजे परदेशात बंदराबद्दल काय मत होईल, यावर मांडवीतल्या चाळीचा दरवाजा कधी आणि कसा ठोठावला जाईल हे ठरत होतं. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली. गोदीतल्या मजुरांनी, गाडीवानांनी काम थांबवलं. त्यांचं मत इतिहासात नोंदलं गेलं ते पोलिसांच्या अहवालात, उपद्रव म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईत स्थानिक कोण? प्रश्न रास्त आहे. कोळी, भंडारी असे थोडे सोडले तर इथे जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी उतरलेलाच आहे. जहाजं बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून आले. त्यांच्या घराण्याने इथे सागवानात बांधलेलं १८१७ चं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत तरंगतं आहे आणि लोक तिकीट काढून ते बघतात. मराठीत मुंबईचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिणारे गोविंद नारायण माडगावकर मूळचे गोव्याचे. लहानपणी मुंबईत आले आणि १८६३ मध्ये त्यांनी ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केलं. त्यांच्या लेखनात पाहुण्याचं कुतूहल आहे आणि राहणाऱ्या माणसाची माहितीही. बाजार, देवळं, रस्ते, जातीजातींचे लोक, त्यांचे धंदे, सगळं ते टिपत जातात. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो, कारण जो माणूस उतरला आणि राहिला, त्याने आपलं मत मराठीत लिहून ठेवायला हवं हे त्यांना सुचलं.

त्यांच्यामागून कोकणातला चाकरमानी आला. तो आगबोटीने आला. कोकणातल्या कित्येक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. उतारूंना पडावातून, म्हणजे लहान होडीतून, बोटीपर्यंत न्यायचे, उधाण असेल तर बोट आणि पडाव दोन्ही हलत असताना उडी मारून वर चढायचं. मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, तिथून गिरणगावातल्या एखाद्या खोलीत, जिथे गावची दहा-बारा माणसं पाळ्यांनी झोपायची. गेटवेच्या कमानीतून मुंबईत शिरणाऱ्या लाटसाहेबाला जी मुंबई दिसली ती त्याने लिहिली. भाऊच्या धक्क्यावरून शिरणाऱ्याला जी दिसली ती त्याने गावी पत्रात लिहिली, आणि ती पत्रं चुलीत गेली.

या माणसांच्या मनात बंदर कसं होतं, हे समजून घ्यायला दोन तारखा पुरेशा आहेत. पहिली, १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. कापसाला आग लागली आणि दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. दुसरी तारीख १७ जुलै १९४७. गटारीची अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगड आणि कोकणच्या किनाऱ्यावरची जुनी माणसं अजून त्या बोटीचं नाव घेताना आवाज खाली आणतात. गेटवेसमोर फोटो काढणाऱ्या पर्यटकाला या दोन तारखा माहीत नसतात, यात त्याचा काही दोष नाही. पण गेटवेजवळ उभं राहून त्या त्याला कळाव्यात अशी काही सोय आपण केली आहे का?

इमारतींविषयी थोडक्यात बोलतो. १९२० च्या दशकात इंग्रज लेखक आल्डस हक्सली आला आणि मुंबईतल्या व्हिक्टोरियन इमारती बघून त्याने सपशेल नापसंती दाखवली. २०१८ मध्ये त्याच व्हिक्टोरियन गॉथिक इमारती, समोरच्या आर्ट डेको इमारतींसह, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. पाहुण्याचं मत शंभर वर्षांत पूर्ण उलटलं. दोन्ही वेळा आपण ते मान खाली घालून ऐकलं. त्या इमारतींचे दगड फोडणाऱ्या पाथरवटांचं मत काय होतं, ते कुणी विचारलं नाही.

आणि आता आजचं. मुंबईकराला स्वतःचं बंदर दिसत नाही. मरीन ड्राइव्ह, जुहू, वरळी हा पश्चिमेचा समुद्र आपला. पूर्वेचा समुद्र मात्र मोठमोठ्या भिंतींच्या मागे गेला. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतची सुमारे १,८०० एकर जमीन पोर्ट ट्रस्टकडे, म्हणजे आताच्या मुंबई पोर्ट अथॉरिटीकडे. हार्बर लाइनने रोज जाणाऱ्याला डॉकयार्ड रोडच्या उंच फलाटावरून क्रेन दिसतात, तेवढंच. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, मोठी मालवाहतूक खाडीपलीकडे गेली, आणि ही जमीन ‘मोकळी’ आहे असं म्हटलं जाऊ लागलं. मग आराखडे आले: क्रूझ टर्मिनल, फिरायला रस्ता, मरिना, उपाहारगृहं. समुद्रापाशी जायला वाट मिळावी, हे मलाही मनापासून हवं आहे. पण हे आराखडे नीट वाचले की लक्षात येतं, ते बाहेरून येऊन चार तास थांबणाऱ्या माणसाच्या सोयीने आखलेले आहेत.

तुमच्यापैकी ज्यांनी ससून डॉक पहाटे पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं. १८७५ मध्ये अल्बर्ट ससून यांनी बांधलेली ही गोदी कापसाच्या जमान्यातली. पहाटे पाचला ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे असतात, खलाशी टोपल्या हातोहात धक्क्यावर फेकतात, बर्फ फोडण्याचे आवाज येत असतात आणि कोळणी लिलाव पुकारतात. आकडा इतक्या भराभर चढतो की परक्याला कुठला शब्द भाव आहे आणि कुठला दटावणी, ते कळत नाही. आत शेडमध्ये बायका ओळीने बसून कोलंबी सोलतात. डोकं मोडायचं, साल ओढायची, दोरा काढायचा, कोलंबी टोपलीत. तासन्‌तास थंड पाण्यात हात. त्यांची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली असतात, आणि कोलंबीच्या काट्यांनी कापलेली.

२०१७ मध्ये ससून डॉकमध्ये एक मोठा कलाउत्सव झाला. भिंती रंगल्या, शहरातले कितीतरी लोक पहिल्यांदा तिथे आले. ते आले याचा मला आनंदच झाला होता. त्या काळातल्या बोलण्यात दोन शब्द सतत होते: रंग आणि वास. रंग छान, वास सहन होत नाही. तिथल्या एका कोळणीशी मी बोललो तेव्हा ती तिसऱ्याच गोष्टींबद्दल बोलत होती. बर्फाचा भाव, डिझेलचा भाव, मासळीचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांमुळे किनाऱ्याजवळ न उरलेली मासळी, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. गोदी जुनी आहे, सुंदर आहे की गलिच्छ आहे, हा तिच्यासमोरचा प्रश्नच नव्हता. गोदी उद्या इथे असेल का, हा होता.

वासाची ती तक्रार ऐकताना मला माडांच्या खतावरची बंदी आठवते. आज तशी बंदी कुणी थेट घालणार नाही. ‘आधुनिकीकरण’, ‘स्थलांतर’, ‘सुशोभीकरण’ असे शब्द वापरले जातील.

मी पाहुण्यांच्या विरोधात नाही. ओव्हिंग्टनने मृत्यू पाहिले ते खरे होते, ट्वेनला दिसलेले रंगही खरे होते. प्रश्न एवढाच आहे की कागद कुणाच्या हातात आहे. आणि याबाबतीत आपल्याला, या वाचनालयाला, करता येण्यासारखं एक काम आहे. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नगररचना कायद्यानुसार लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या लेखी द्याव्या लागतात, मुदतीत द्याव्या लागतात. पहाटे तीनला उठून धक्क्यावर जाणाऱ्या बाईला नोटीस वाचायला, नकाशा उलगडायला, अर्ज लिहायला वेळ कुठून मिळणार? आपल्याकडे खोली आहे, टेबल आहे, निवृत्त शिक्षक आहेत, मराठीत अर्ज सुंदर लिहिणारी माणसं या सभागृहातच बसली आहेत. पूर्व किनाऱ्याबद्दलचा पुढचा आराखडा येईल तेव्हा आपण माझगाव, ससून डॉक, भाऊचा धक्का इथे जाऊन लोकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत उतरवून घेऊ, त्यांच्या सह्या घेऊ आणि मुदतीत दाखल करू. एक प्रत इथल्या कपाटात, माडगावकरांच्या पुस्तकाशेजारी ठेवू. ज्यांना या कामात यायचं आहे त्यांनी व्याख्यानानंतर थांबावं. दाराशेजारच्या टेबलावर वही ठेवली आहे.