नंबरप्लेट लावलेली रेसगाडी

श्रोतेहो, नमस्कार. आजची गोष्ट एका मोटारीची आहे, आणि ती रेडिओवर सांगण्यात एक गंमत आहे. या गाडीत शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर दोघांनीही कानाला हेडफोन लावायचा! इंजिन पाठीशी, जवळजवळ मानेवरच, आणि आवाज अडवायला मध्ये काही नाही. किंमत मात्र पाच लाख पौंड. गाडीचं नाव जॅग्वार एक्सजेआर-१५.

तिचं मूळ फ्रान्समध्ये आहे. जून १९८८, ले मॉन्सची २४ तासांची शर्यत. शेवटच्या टप्प्यात यान लामर्सच्या जॅग्वारचा गिअरबॉक्स आचके देऊ लागला. आता गिअर बदलला तर सगळंच संपेल, हे त्यानं ओळखलं आणि चौथा गिअर सोडलाच नाही. वळण असो, पिटमधून, म्हणजे पेट्रोल-टायरसाठी थांबायच्या जागेतून, निघणं असो, चौथाच! मागची पोर्शे तीन मिनिटांपेक्षाही कमी अंतरावर होती. तरी जॅग्वार जिंकली, १९५७ नंतर प्रथमच. ती गाडी होती एक्सजेआर-९.

ती धावत होती टॉम वॉकिन्शॉ या स्कॉटिश माणसाच्या टीमकडून. हा स्वतः रेस ड्रायव्हर, आणि व्यवहाराला पक्का. त्याच वर्षी जॅग्वारनं बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात एक्सजे-२२० ही सुपरकार दाखवली. ती विक्रीला यायला वेळ होता, आणि आली तेव्हा प्रदर्शनातल्या बारा सिलिंडरच्या व्ही-१२ इंजिनाच्या जागी सहा सिलिंडरचं, टर्बोवालं व्ही-६ होतं. वॉकिन्शॉनं तोवर सरळ हिशेब केला होता: ले मॉन्सची विजेती दारात उभी असताना नवी गाडी कशाला जन्माला घालायची? हिलाच रस्त्यावर उतरवू.

काम ऑक्सफर्डशायरमधल्या ब्लॉक्सम गावी झालं. पीटर स्टीव्हन्सनं देखणी बॉडी बेतली, छत थोडं वर घेतलं, बसायची जागा जराशी रुंद केली. बस्स, लाड तेवढेच. सांगाडा आणि बॉडी कार्बन फायबरची. असं रस्त्यावरच्या गाडीत तोवर कोणी केलं नव्हतं. सहा लिटरचं व्ही-१२ इंजिन, ४५० हॉर्सपॉवर, आणि वजन सुमारे १०५० किलो. गिअरचा दांडा उजव्या हाताला, दाराच्या बाजूला. दोन्ही सीटा इतक्या चिकटून, की प्रवासाला निघण्याआधी भांडण मिटवलेलं बरं. सामानाला जागा जवळपास नाहीच.

गाड्या बनल्या जेमतेम पन्नासेक. आणि वॉकिन्शॉनं त्या घेणाऱ्यांपुढे एक अजब आमिष ठेवलं: याच गाड्यांची स्वतंत्र शर्यत. १९९१ साली मोनॅको, इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन आणि बेल्जियममधलं स्पा, तिन्हीकडे फॉर्म्युला वनच्या आठवड्यातच. मालक बहुतेक प्रेक्षकांत, आणि त्यांच्या गाड्या नाणावलेल्या ड्रायव्हरांच्या हाती. आता कल्पना करा, मोनॅकोच्या त्या गल्ल्यांत पाच लाखांच्या गाड्या एकमेकींना घासताहेत!

खरं सांगायचं तर गाडी स्वभावानं सोपी नव्हती. रस्त्यासाठी तिला जमिनीपासून थोडं उचलावं लागलं होतं, आणि रेसगाडीला खाली दाबून धरणारी हवेची पकड त्यात बरीचशी गेली. वळणावर मागची बाजू निसटायची. माझ्या मते तिचं दुखणं तेच आणि मोहिनीही तीच. रस्त्यावर ती अवघडलेली, ट्रॅकवर घसरणारी. पूर्णपणे कुठलीच नाही. आज जॅग्वार आपल्या टाटांकडे आहे, पण असला हट्ट आता कुणाला परवडेल असं वाटत नाही.

मोनॅको डेरेक वॉरविकनं जिंकली. सिल्व्हरस्टोनला जिंकला धाकटा हुआन मॅन्युएल फान्जिओ, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या थोर फान्जिओचा पुतण्या. खरी चुरस होती स्पाची, कारण तिथलं बक्षीस दहा लाख डॉलर. ते नेलं जर्मनीच्या आर्मिन हानेनं. त्या पैशात ही गाडी विकत घेऊन वर पेट्रोलपाण्यालाही बरंच उरलं असतं. नमस्कार.