एसएस तिलावा: मुंबईतून सुटलेलं जहाज, बुडालेली माणसं आणि साठ टन चांदी

नमस्कार मंडळी! 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबई बंदरातून एक जहाज सुटलं, एसएस तिलावा, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं, दहा हजार टनी. जायचं होतं मोंबासा, लॉरेन्सो मार्क्स म्हणजे आजचं मापुटो, आणि शेवटी डर्बन. वर 732 प्रवासी, खलाशी धरून साडेनऊशेच्या वर माणसं. बहुतेक आपले भारतीयच, त्यात गुजराती खूप. आणि खाली मालात दोन हजारांहून जास्त चांदीच्या विटा, सुमारे साठ टन, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडायला विकत घेतलेल्या.

23 तारखेला, उजाडायच्याही आधी, सेशेल्सच्या ईशान्येला भर समुद्रात जपानी पाणबुडी आय-29 ने टॉर्पेडो मारला. जहाज लगेच बुडालं नाही, बोटी खाली सोडल्या, अंधारात नुसता गोंधळ, आणि मग दुसरा टॉर्पेडो लागला, त्यानंतर जहाज राहिलंच नाही. 280 माणसं गेली. वाचलेले दोन दिवस बोटींवर अन् तराफ्यांवर, चारी बाजूंना पाणी. 25 ला ब्रिटिश युद्धनौका बर्मिंगहॅम पोचली, जवळपास सगळ्यांना तिनेच उचललं आणि 27 ला परत मुंबईतच आणून सोडलं.

ही आय-29 तुम्हाला दुसऱ्या एका गोष्टीतून माहिती असणार. एप्रिल 1943 मध्ये मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून आलेल्या नेताजींना जिने घेतलं ना, तीच ही. तो प्रवास आपण किती अभिमानाने सांगतो, पण पाचच महिने आधी तिने काय केलं होतं ते सोबत कोणीच सांगत नाही, आणि मला वाटतं सांगायला पाहिजे, दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. पुढे जुलै 1944 मध्ये अमेरिकन पाणबुडीने तिलाही बुडवलं.

आता चांदीचं ऐका. 2017 ला एका ब्रिटिश कंपनीने अडीच किलोमीटर खोल पाण्यातून ती काढून साउथॅम्प्टनला नेली आणि काढल्याचे पैसे मागितले. दक्षिण आफ्रिका म्हणाली चांदी आमची, तुमचा दावा आमच्यावर चालतच नाही. खटला थेट ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि मे 2024 मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला.

आणि माणसांचं? मुंबईत त्यांच्यासाठी पहिला स्मरण कार्यक्रम झाला 2022 ला, तब्बल 80 वर्षांनी, तोही वाचलेल्यांच्या आणि गेलेल्यांच्या घरच्यांनी धडपड करून. मला ह्याचा खरंच राग येतो. तुमच्या घरातलं कोणी त्या काळी आफ्रिकेला गेलं असेल तर आजी-आजोबांना तिलावाचं नाव घेऊन एकदा विचारा, आणि काय सांगतात ते लिहून ठेवा.