इव्हान आयवाझोव्स्की : समुद्र आठवून काढणारा चित्रकार

रशियन चित्रकार इव्हान आयवाझोव्स्कीचं 'नववी लाट' हे चित्र शोधून जरा फुल स्क्रीन करून बघा. रात्रभर वादळ झालंय, आत्ता कुठे उजाडतंय, जहाजाचा तर पत्ताच नाही, फक्त तुटलेल्या डोलकाठीला काही माणसं चिकटून राहिलीयेत आणि त्यांच्यावर अजून एक भलीमोठी लाट येतेय. नाव 'नववी लाट' का, तर जुन्या खलाशांची समजूत अशी की वादळात नववी लाट सगळ्यात भयंकर असते. साल १८५०, कॅनव्हास ३ मीटरपेक्षा जास्त रुंद, आज सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे.

आता लाटेचा वरचा काठ झूम करून बघा. तिथं पाणी पातळ होतं आणि मागून येणारा उजेड त्यातून आरपार दिसतो. त्यासाठी पातळ रंगाचे थर एकावर एक चढवलेत, खालचा रंग वरच्यातून दिसत राहील असे, म्हणूनच ते हिरवं पाणी आतून पेटल्यासारखं वाटतं. आणि हे सगळं समुद्रासमोर बसून काढलेलं नाहीये! आयवाझोव्स्कीचं म्हणणंच होतं की वीज, वारा, लाटेची उसळी ही समोर बसून ब्रशनं पकडता येत नाही, नीट बघायची, मनात साठवायची आणि मग स्टुडिओत जाऊन काढायची. किनाऱ्यावर पेन्सिलीनं थोडी टिपणं घ्यायचा, बाकी सगळा भरवसा आठवणीवर. समुद्र घराच्या अगदी समोर होता, तरी स्टुडिओची खिडकी अंगणाकडे.

गाव कुठलं, तर काळ्या समुद्राच्या काठावरचं क्रिमियातलं फिओदोसिया. १८१७ मध्ये तिथल्या एका आर्मेनियन कुटुंबात जन्मला, जन्माचं नाव होव्हानेस. वडील व्यापारी, पण धंदा बसलेला, घरात पैशाची ओढाताण. पोरगं कोळशानं भिंतींवर जहाजं काढायचं, ते शहरातल्या मोठ्या अधिकाऱ्यांच्या नजरेत आलं आणि शिक्षणाची सोय झाली. १८३३ ला पीटर्सबर्गची कला अकॅडमी, पुढे गोल्ड मेडल, १८४० पासून इटली, सगळीकडे नाव. परत आल्यावर रशियन नौदलाचा अधिकृत चित्रकार झाला. तेव्हाच्या राजधानीत, पीटर्सबर्गला, आरामात राहता आलं असतं की! पण हा १८४५ मध्ये फिओदोसियाला आला आणि तिथेच घर बांधून कायमचा राहिला.

गावासाठी त्यानं काय केलं हे ऐकलंत तर थक्क व्हाल. फिओदोसियात प्यायच्या पाण्याचे फार हाल होते. आयवाझोव्स्कीच्या जमिनीत सुबाश नावाचा झरा होता, त्यातलं रोज ५०,००० बादल्या पाणी त्यानं गावाला देऊन टाकलं. तिथली बादली साधारण १२ लिटरची, म्हणजे दिवसाला ६ लाख लिटर! पाइपलाइन झाली आणि १८८८ मध्ये पाणी गावात आलं. आधी १८८० मध्ये त्यानं गावात स्वतःची आर्ट गॅलरी सुरू केली होती, मृत्युपत्रात तीही शहराच्या नावे करून टाकली.

तुर्कस्तानच्या सुलतानांचाही तो लाडका, त्यांनी चित्रं करून घेतली, पदकं दिली. पण १८९० च्या दशकात तिथं आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या आणि या माणसानं ती पदकं सरळ समुद्रात फेकून दिली, वर त्या कत्तलींची चित्रंही काढली. माझ्या मनात त्याच्याबद्दलचा आदर इथं दुप्पट होतो.

आयुष्यभरात ६,००० च्या आसपास चित्रं काढली. सगळी एका तोडीची नाहीत, हे सांगायला पाहिजे, ऑर्डरची कामं बरीच आणि चंद्रप्रकाश, जहाज, खडक हा साचा परत परत येतो. १९०० मध्ये तो गेला तेव्हा 'जहाजाचा स्फोट' हे चित्र अर्धवट राहिलं.

पण त्याच्या दोनच वर्षं आधी, ऐंशीच्या घरात असताना, त्यानं 'लाटांमध्ये' काढलं. ४ मीटरपेक्षा रुंद कॅनव्हास, त्यावर जहाज नाही, माणूस नाही, किनाराही नाही, नुसतं खवळलेलं पाणी आणि ढगांतून येणारा उजेडाचा एक पट्टा. हे त्यानं गावालाच दिलं. मला विचाराल तर 'नववी लाट'पेक्षा हे चित्र मोठं आहे, कारण तिथं निदान त्या बुडणाऱ्या माणसांची काळजी आपल्याला धरून ठेवते, इथं मात्र धरायला काहीच नाही आणि तरी चित्रावरून नजर हलत नाही.