खेळातली कुऱ्हाड आणि खेळातलं जातं

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय व्हिडिओ गेमचा आहे. पण घरातल्या आजींनी आणि शेतातून नुकत्याच परतलेल्या काकूंनीही तो ऐकावा अशी माझी इच्छा आहे, कारण या खेळांत जे करावं लागतं ते त्यांच्याइतकं कुणालाच येत नाही.

‘सर्व्हायव्हल गेम’ नावाचा एक प्रकार आहे. सुरुवातीला तुम्ही अनोळखी मुलखात रिकाम्या हाताने उभे असता. पडद्याच्या कोपऱ्यात भुकेची एक पट्टी असते, तहानेची एक, थंडीची एक. या पट्ट्या घटत घटत संपल्या की खेळ संपला. म्हणून सरपण आणायचं, विस्तव पेटवायचा, पाणी शोधायचं, फळं-कंद गोळा करायचे, अंगावर घालायला काहीतरी शिवायचं, वाईट दिवस येण्याआधी धान्य साठवून ठेवायचं. यातले कितीतरी खेळ जुन्या काळात घडतात. कुठे मध्ययुगीन युरोपातलं खेडं, कुठे उत्तर युरोपातल्या व्हायकिंग या दर्यावर्दी लढवय्यांचा मुलूख, कुठे आदिमानवाची टोळी. मी इतिहास शिकवते. राजाने कोणता किल्ला कधी घेतला हे आमची पुस्तकं सांगतात. त्या वर्षी लोकांनी खाल्लं काय, हे हे खेळ विचारतात. म्हणून मला त्यांच्याबद्दल आस्था आहे.

आणि म्हणूनच एक गोष्ट खुपते. या खेळांतून बराच काळ जगून दाखवायचं काम पुरुषाकडेच दिलेलं होतं.

माझी भाची अमळनेरला असते. ‘मेडिव्हल डायनॅस्टी’ नावाचा खेळ ती मन लावून खेळते. युद्धातून जीव वाचवून आलेला एक तरुण काकाच्या मुलखात येतो, काका वारलेला असतो, मग हा झाडं तोडतो, घर उभारतो, शेत नांगरतो, गाव वसवतो. लग्न करतो, मुलगा होतो, आणि हा गेला की पुढचा खेळ त्या मुलाचा. गावात बायका असतात, त्यांना कामं नेमून देता येतात, पण आपण स्वतः बाई होऊन खेळता येत नव्हतं. भाचीने मला विचारलं, “मावशी, यामा बाई काबर नही शे?” पूर्ण खेळ २०२१ साली आला. डिसेंबर २०२३ मध्ये मित्र-मैत्रिणींनी मिळून खेळायची सोय निघाली, नवा नकाशा आला, आणि त्या नकाशात स्त्री-पात्र निवडता येऊ लागलं. मूळची कथा मात्र त्या तरुणाचीच राहिली.

पहिल्या पिढीतल्या खेळात हा प्रश्न पडतच नव्हता. १९७१ साली अमेरिकेत मिनेसोटात अध्यापनाचं शिक्षण घेणाऱ्या तीन तरुणांनी ‘ओरेगन ट्रेल’ तयार केला, तोही इतिहासाच्या तासासाठी. बैलगाड्या जोडून पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांची ती वाट. पडदाही नव्हता, टेलिप्रिंटरवर कागदावर ओळी उमटायच्या. अन्न इतकं उरलं, कपडे इतके उरले, पुढे काय करता? मुलगी खेळली तर प्रवासी मुलगी, मुलगा खेळला तर मुलगा. खेळांत चित्रं आली, चित्रासोबत शरीर आलं, आणि ते शरीर कुणाचं हे बनवणाऱ्याने ठरवून टाकलं.

विचारलं की दोन उत्तरं मिळायची. पहिलं खर्चाचं. २०१४ साली युबिसॉफ्ट कंपनीचा फ्रेंच राज्यक्रांतीवरचा एक मोठा खेळ येणार होता. तो सर्व्हायव्हल प्रकारातला नव्हता, पण वाद हाच. मिळून खेळायच्या भागात एकही स्त्री का नाही, तर बाईच्या हालचाली वेगळ्या कराव्या लागतात, काम फार वाढतं. त्याच कंपनीत पूर्वी काम केलेल्या एका ॲनिमेटरने, म्हणजे पात्रांच्या हालचाली तयार करणाऱ्याने, जाहीरपणे सांगितलं की माझ्या अंदाजाने हे एक-दोन दिवसांचं काम आहे. आणि ती राज्यक्रांती कोणती? ऑक्टोबर १७८९ मध्ये भाकरी महागली म्हणून पॅरिसच्या बायका व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत चालत गेल्या आणि राजाला पॅरिसला घेऊन आल्या, ती!

दुसरं उत्तर इतिहासाचं, आणि तिथे मी गप्प बसू शकत नाही. “त्या काळी बायका शिकारीला जात नव्हत्या, लढत नव्हत्या, मग खोटं कसं दाखवायचं?” पेरू देशात अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून जवळजवळ ३,९०० मीटर उंचीवर, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. शेजारी भाल्याची दगडी पाती आणि कातडं साफ करायची हत्यारं, म्हणजे शिकाऱ्याचा सगळा संच. दातांतल्या प्रथिनांवरून कळलं की ती १७ ते १९ वर्षांची मुलगी होती. २०२० साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. स्वीडनमध्ये बिर्का इथे १८७८ साली एक थडगं उघडलं होतं. तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, दोन घोडे. सव्वाशेहून अधिक वर्षं सगळ्यांनी त्याला व्हायकिंग योद्धा पुरुष मानलं. २०१७ साली डीएनए तपासला तर ती बाई निघाली. हत्यार दिसलं की पुरुष, ही समजूत उत्खनन करणाऱ्यांचीही होती. खेळ करणाऱ्यांनी ती तशीच उचलली.

फार लांब जायला नको. आपल्या चाळीसगावजवळ पाटणे आहे. तिथे १९७२-७३ मध्ये उत्खनन झालं आणि सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. हो, शहामृग आपल्या खानदेशात होते. एका तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेघांची जाळी कोरलेली आहे, शिवाय कवचाचे मणी आहेत. त्या रेघा बाईच्या हाताच्या की पुरुषाच्या, हे कवच सांगत नाही. मग पडद्यावर तो हात नेहमी पुरुषाचाच का काढायचा?

आता बदल झाला आहे, तोही सांगते. ‘व्हालहाइम’ हा स्वीडिश खेळ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला आणि महिनाभरात त्याच्या ५० लाख प्रती खपल्या. त्यात सुरुवातीलाच स्त्री की पुरुष ते निवडता येतं आणि ताकद दोघांची सारखीच. ‘अँसेस्टर्स’ या २०१९ च्या खेळात एक कोटी वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेत आपल्या पूर्वजांचा कळप सांभाळायचा असतो. कळपातल्या कुणाच्याही रूपात खेळता येतं, आणि पिल्लू पाठीवर घेऊन हिंडलं तर मेंदूची शिकण्याची गती वाढते. कडेवरचं मूल म्हणजे अडचण असं मानलं नाही, हे मला फार आवडलं.

‘धिस वॉर ऑफ माइन’ पोलंडमध्ये २०१४ साली झाला. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून तो सुचलेला आहे. इथे सैनिक नाहीत, मोडक्या घरात अडकलेले साधे लोक आहेत. त्यांत बातमीदार कात्या आहे, जी सौदा करण्यात हुशार, आणि चांगला स्वयंपाक येणारा ब्रुनो आहे. बाई बाजार करते, पुरुष चूल सांभाळतो, आणि कुणालाही ते विचित्र वाटत नाही. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने हा खेळ शाळांच्या अवांतर वाचनाच्या यादीत घालायचं ठरवलं.

आणि गोफण! ‘अ प्लेग टेल’ हा २०१९ चा फ्रेंच खेळ. १३४८ साल, फ्रान्समध्ये प्लेग आणि युद्ध एकाच वेळी, उंदरांचे लोंढे, आणि त्यातून अमिसिया नावाची मुलगी पाच वर्षांच्या भावाला घेऊन वाट काढते. तिचं हत्यार गोफण आहे. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे भरून आले. दादर ज्वारी दाण्यावर आली की पाखरं हाकायला आपल्याकडे माळ्यावर कोण उभं राहायचं? घरातल्या पोरीच. दोरीचं एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत धरायचं, मधल्या झोळीत खडा ठेवायचा, डोक्याभोवती फिरवून नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. क्षणभर आधी सोडली तर खडा आपल्याच कणसांत, उशिरा सोडली तर शेजाऱ्याच्या शेतात. हा नेम आपल्या आज्यांना दहाव्या वर्षी येत होता. तो खेळाची नायिका व्हायला पुरेसा आहे हे फ्रान्समध्ये बसलेल्या लोकांना सुचलं.

पण श्रोतेहो, नुसतं बाईचं शरीर दिलं म्हणजे झालं का? माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. अशा खेळात तलवार चालवायच्या कितीतरी तऱ्हा असतात. वरून वार, बाजूने वार, अडवणं, हुलकावणी. आणि भाकरी? धान्य हातात असलं की एक बटण दाबायचं, भाकरी तयार. कणीस आणि भाकरी यांच्या मध्ये काय काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. खुडणी, मळणी, वाऱ्याची दिशा पाहून उफणणी, सुपात पाखडणं, खडे निवडणं, दळण, पीठ जाडं की बारीक, पाणी किती कढत, तवा किती तापला. यातलं एकही चुकलं तर भाकरी फाटते. जगण्याच्या खेळात जगण्याचा हाच भाग एका बटणात कोंबला, कारण तो बायकांचा होता आणि बनवणाऱ्यांना त्यात कौशल्य दिसलं नाही.

करता येत नाही असं मुळीच नाही. ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ हा २०१८ चा खेळ १४०३ सालच्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, घडतो. नायकाला भूक लागते, झोप येते, पिशवीतलं अन्न नासतं. त्यात औषधी काढा करायचा असेल तर वनस्पती खलात कुटावी लागते, भाता मारून आच वाढवावी लागते, वाळूचं घड्याळ उलटं करून उकळी मोजावी लागते. माणसं आवडीने करतात. काढ्याला जे दिलं ते दळणाला का देऊ नये? त्याच खेळाचा २०१९ मध्ये निघालेला जोडभाग तेरेसा नावाच्या मुलीचा आहे. गावावर हल्ला होतो त्या दिवशी सकाळी ती घरची कामं करत असते, आणि हल्ल्यात तीच गावच्या माणसांना वाचवू शकते. तो भाग छोटा आहे, आणखी मोठा असायला हवा होता.

पुण्यातल्या एका स्टुडिओने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ केला. मुलगी नायिका, भारतीय शिल्पं, भारतीय कथा. तो लढाईचा खेळ आहे, जगण्याचा नव्हे, पण महाराष्ट्रात बसून हे काम होतं एवढं त्याने दाखवलं.

मग खानदेशावर असा खेळ का होऊ नये? साल १८९९ धरा, विक्रम संवत १९५६, म्हणून लोकांनी ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हटलेलं वर्ष. पाऊस नाही. सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांत बायका-मुलांची संख्या मोठी. तुमची नायिका तापीकाठची, किंवा सातपुड्यातली एखादी भिल्ल वा पावरा मुलगी. नदी आटली आहे. पाणी हवं तर पात्रात झिरा खणायचा. कुठे खणायचा? वाळू कुठे गार लागते, लव्हाळं कुठे अजून हिरवं आहे, ते पाहून. वाळू उपसायची, पाणी झिरपेपर्यंत थांबायचं, वाटीवाटीने हंडा भरायचा. घाई केली की गढूळ पाणी आणि मग आजार. चैत्रात मोहाची फुलं रात्री गळतात. दिवस वर येण्याआधी, गुरं पोचण्याआधी ती वेचायची, वाळवायची, पुढच्या महिन्यांसाठी राखून ठेवायची. कडधान्य राखेत घोळून ठेवलं नाही तर पोरकिडे लागतात. आणि सगळ्यात अवघड निर्णय म्हणजे बियाण्याचं गाडगं. भुकेची पट्टी लाल झाली आहे, लहान भाऊ रडतो आहे, आणि गाडग्यात पेरणीपुरती ज्वारी आहे. आज खायची की मृगासाठी ठेवायची? तलवारीच्या कुठल्याही लढाईपेक्षा हा प्रसंग थरारक आहे, आणि तो या मातीत घराघरांत घडलेला आहे.

हा खेळ मुलांनीही खेळावा. एखाद्या मुलाने तिच्या रूपात झिरा खणला, दळलं, बियाणं राखलं, तर त्याला इतिहास कळेल.

जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबारच्या कॉलेजांतून कॉम्प्युटर शिकणारी कितीतरी मुलं-मुली आत्ता शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतील. त्यांना माझी विनंती आहे. पाटण्याला जा. तापी आणि गोमाई मिळतात तिथे प्रकाशाला जा. १९५४-५५ च्या उत्खननात तिथे ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती सापडली आहे. मग फोनचं रेकॉर्डिंग चालू करून घरातल्या आजीसमोर बसा. एक पायली ज्वारी दळायला किती वेळ लागायचा, जात्याला टाकी कधी लावायची, कणगीला कोणती माती सारवायची, ज्वारीचे बिबडे किती उन्हात वाळले म्हणजे पावसाळाभर टिकतात, हे सगळं विचारून घ्या. खेळाचे नियम त्यातच आहेत. आणि घरात सांगणारं कुणी उरलं नसेल, तर आकाशवाणीच्या जळगाव केंद्राकडे माझ्या नावाने पत्र टाका. ज्यांनी झिरे खणलेत आणि जात्यावर दळलंय अशा आमच्या गावच्या बायकांशी तुमची गाठ घालून द्यायला मी तयार आहे.

नमस्कार.